डाव्या हातावरची जखम

तिनं माझा डावा हात शिलाई मशीनच्या फळीवर ओढून घेतला आणि म्हणाली, "आता दोन तास हा हात तुमचा नाही."

सकाळचे अकरा वाजले असतील. मोशीतल्या आमच्या दोन खोल्यांत पंखा बंद होता, कारण पंखा लावला की टिश्यू पेपरचे तुकडे घरभर उडतात. खिडकीही लावलेली. घामानं बनियन पाठीला चिकटलं होतं. फळीवर जुना टॉवेल, त्यावर माझा हात, आणि बाजूला तिचं सगळं सामान मांडलेलं. वाटीत लॅटेक्स होतं. लॅटेक्स म्हणजे रबराचं दूध. वाळलं की कातडीसारखं होतं. वास असा, की मुतारीशेजारी जेवायला बसल्यासारखं वाटतं. दुसऱ्या वाटीत जिलेटिन आणि ग्लिसरीन, गरम पाण्यात ठेवलेलं. रंगाच्या चार डब्या, काजळ, व्हॅसलिन आणि भुवया उपटायचा चिमटा.

"हालायलात कशाला?"

"मुंग्या आल्यात."

"येऊ द्या. जळक्या हाताला मुंग्या येत नसतात."

आमची बायको भाजलेल्या जखमा करायची. खोट्या. माणसं ऐकून हसतात, पण चाकणच्या पट्ट्यात निदान पाच-सहा कंपन्यांत तिला ह्याच कामासाठी ओळखत होते. कंपनीत वर्षातून एक-दोनदा मॉक ड्रिल असतं. म्हणजे आग लागली असं समजायचं, भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी बाहेर पळायचं, आणि जखमी माणसाला स्ट्रेचरवर घालून न्यायचं. त्या जखमी माणसाच्या अंगावर जखम पाहिजे. ती जखम ही करायची. आणि तो जखमी माणूस मी.

हे कसं सुरू झालं ते सांगतो. मी सातवी नापास. गावाकडून आलो आणि फोर्जिंगमध्ये लागलो. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा गोळा सांडशीनं उचलायचा आणि हॅमरखाली धरायचा, हे काम मी बावीस वर्षं केलं. एक दिवस गोळा सांडशीतून निसटला आणि उजव्या हातावरून घसरत खाली गेला. मनगटापासून कोपरापर्यंत. तीन महिने तिनं रोज ती जखम धुतली, पट्टी बदलली. मी दुसरीकडं तोंड करून बसायचो. ती बघायची. पुढं कंपनीनं मला भट्टीवरून काढून सेफ्टीच्या स्टोअरला दिलं. हेल्मेट मोजणं, पाइप गुंडाळणं, असलं काम.

तिथं पहिल्यांदा मॉक ड्रिल बघितलं. एका पोराच्या शर्टावर लाल रंग ओतला आणि त्याला झोपवला. तो हसत होता, त्याला उचलणारेही हसत होते. घरी येऊन मी तिला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "लाल? भाजलेलं लाल नसतं. मधी पांढरं पडतं, मेणावानी. लाल फक्त कडंला. त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

मी म्हणालो, तू सांग जाऊन.

ती खरंच गेली. आमची लेक तेव्हा कॉलेजात होती. तिनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, हिनं बघून बघून शिकून घेतलं. पण व्हिडिओत बघून जी जखम होते ती व्हिडिओतली होते. हिची तशी नव्हती. ही माझ्या उजव्या हाताकडं बघून माझा डावा हात करायची. उजव्यावर आता नुसता वण आहे, पण तिला त्याच्या आधीचं सगळं पाठ होतं. टिश्यू पेपर फाडून लॅटेक्सनं एकावर एक चार थर लावायची. ड्रायरनं वाळवायची. मग मधोमध चिमट्यानं फाडून कडा उलटवायची, की सोललेली कातडी झाली. आत पिवळट पांढरा रंग, कडेला लालजांभळा, बाहेर काजळाची काळी झाक. वरून व्हॅसलिन, म्हणजे ओलं दिसतं. पहिल्याच वर्षी फर्स्ट एडच्या टीममधला एक धट्टाकट्टा गडी मला बघून चक्कर येऊन पडला. मग मी स्ट्रेचरवरून उठलो आणि त्याला झोपवला. सेफ्टीचे साहेब म्हणाले, "वहिनी, इतकं खरं करू नका हो."

ती म्हणाली, "मग लाल रंग ओता."

मी रिटायर झालो तरी बोलावणं येत राहिलं. ती मला चिडवायची. "आयुष्यभर काही दुखत नसताना कण्हला. आता त्याच कामाला कंपनी गाडी पाठवायली." माझा डावा हात कायम सफाचट, कारण लॅटेक्सखाली केस आला की काढताना जीव जातो. आमच्या बुद्धविहारातली माणसं विचारायची, हा काय प्रकार. मी म्हणायचो, बायकोची हौस.

तर त्या दिवशी ट्रायल होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला महाळुंग्याच्या एका कंपनीत ड्रिल होतं. आदल्या वर्षी तिथं तिची फजिती झाली होती. तिनं हातावर जिलेटिनचे फोड केले होते, पाण्यानं भरल्यासारखे, आणि मैदानात उन्हात उभं केल्यावर अर्ध्या तासात ते वितळून ओघळले. साहेब काही बोलले नाहीत, पण ती वर्षभर विसरली नाही. ह्या वेळी तिनं ग्लिसरीन वाढवलं होतं. चमच्यानं थेंब थेंब सोडून तिनं कोपरापासून मनगटापर्यंत अकरा फोड केले. कडा नाटकवाल्यांच्या डिंकानं पक्क्या चिकटवल्या.

"संध्याकाळी सहापर्यंत काढायचं नाही," ती म्हणाली. "गच्चीवर जा, उन्हात बसा. घाम येऊ द्या. टिकलं तर उद्या टिकंल."

"जेवू का नको?"

"उजव्यानं जेवतात ना. म्हणूनच तर डावा घेतला."

तिनं मोबाइलवर फोटो काढला, लांब धरून बघितला, आणि हसली. मग भाजी गरम करायला आत गेली. आतून म्हणाली, "छातीत जळजळायलंय. सकाळचा वडा बाधला वाटतं." मी म्हणालो, सोडा घे. उत्तर आलं नाही. जाऊन बघतो तर ओट्याला पाठ लावून खाली बसली होती आणि चेहरा राखेसारखा. हाक मारली तर डोळे माझ्याकडं आले, पण थांबले नाहीत.

खालच्या मजल्यावर एक रिक्षावाला राहतो, दुपारचा घरी जेवायला असतो. त्याला ओरडून बोलावलं. दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं. जिन्यात त्याचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं आणि त्याची पकड सुटता सुटता राहिली.

"काका, हात..."

"खोटं आहे. तू चल."

चौकात आलो आणि अडकलो. तो रस्ता ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. पुढं कंटेनर, मागं कंपनीची बस, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली घुसलेल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सगळेच वाजवत होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास चालू होता, पण मधेच थांबायचा. मी बाहेर ओरडलो, बाईला बरं नाही, सरका. एकानं वळून बघितलं आणि परत पुढं बघायला लागला.

मग मी डावा हात रिक्षाच्या बाहेर काढला.

कुणी सांगितलं नाही. मलाच सुचलं. मोटारसायकलवरच्या माणसानं हात बघितला आणि तो किंचाळलाच. त्यानं स्वतः उतरून पुढच्याला बाजूला केलं. रिक्षावाल्याला कळलं, तो ओरडायला लागला, "भाजलेत, भाजलेत, जागा द्या." कंटेनरवाल्यानं गाडी फुटपाथवर चढवली. ट्रॅफिकचा पोलीस धावत आला आणि हात आडवे करून त्यानं समोरची लाईन थांबवली. वाट मिळाली. ऊन हातावर पडत होतं आणि मी बघितलं की एकही फोड वितळला नव्हता. खोटं कशाला बोलू, तेव्हा माझ्या मनात आलं, टिकले, हिला सांगितलं पाहिजे.

हॉस्पिटलच्या दारात आलो तरी रिक्षावाल्याच्या तोंडातलं सुटेना. "भाजलेत, भाजलेत." तिथले लोक धावले आणि त्यांनी मला धरलं.

मी म्हणालो, मला नाही, तिला. दोघं वॉर्डबॉय होते. एकानं पाठीत हात घातला, एकानं पाय उचलले, आणि मी स्ट्रेचरवर. आयुष्यात इतक्या वेळा स्ट्रेचरवर झोपलो, पण उठता आलं नाही असं कधी झालं नव्हतं. छत पळत होतं. मान वळवून बघितलं, तर रिक्षाभोवती पांढरे कपडे दिसले आणि मग दार बंद झालं.

एका कॉटवर घातलं आणि पडदा ओढला. सिस्टर आली, पन्नाशीची, चष्मा वर सरकवत. तिनं कात्रीनं माझी बाही कापली.

"काका, हात हलवायचा नाही."

"अहो, हे खोटं आहे."

"हो, हो. खोटं आहे. शांत पडा."

"मेकअप आहे हा. काही झालेलं नाही मला. माझी बायको बाहेर आहे, तिला बघा."

"त्यांना बघतायत. तुम्ही पडून राहा. दुखतंय का?"

"नाही दुखत."

ती बाजूच्या डॉक्टरला हळू आवाजात म्हणाली, "दुखत नाही म्हणतायत. खोल आहे."

डॉक्टर पोरगाच होता. त्यानं विचारलं, "कशानं झालं? कुणी केलं हे?"

"बायकोनं केलं."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. डॉक्टर म्हणाला, पोलिसांना कळवावं लागेल. मला आता ते आठवलं की हसू येतं. मी जे बोलेन त्यानं गाठ आणखी आवळत होती. दुखत नाही म्हटलं तर खोल, खोटं म्हटलं तर धक्का बसलाय, बायकोनं केलं म्हटलं तर पोलीस. उजव्या हाताला सुई टोचली, सलाइन लागलं. तेव्हा मी ओरडायला लागलो. नक्की काय ओरडत होतो ते आठवत नाही. शिव्याही दिल्या असतील.

मग मी डाव्या हाताची कड दातानं धरून ओढली. भाजलेला माणूस स्वतःची कातडी दातानं सोलतोय म्हटल्यावर ते बिचारे काय करणार. एक वॉर्डबॉय माझ्या छातीवर आडवा पडला, दुसऱ्यानं मनगट धरलं. मी म्हातारा असलो तरी बावीस वर्षं हॅमर केलेला माणूस आहे. पण मला हलता आलं नाही. त्या ओढाताणीत लॅटेक्सचा एक पट्टा सुटला, आणि सिस्टरचा हात थांबला. तिनं बोट खाली घालून आणखी थोडं उचललं. खाली माझी कातडी होती. घामानं पांढरी पडलेली, चांगली.

"सोडा त्यांना," ती म्हणाली.

मी उठून बसलो तेव्हा पडद्याच्या फटीतून दुसरा डॉक्टर आत बघत होता. हातमोजे काढत होता. त्यानं विचारलं, "त्या बाईंबरोबर कोण आहे?"

संध्याकाळी मातीला माणसं जमली. लेक हिंजवडीहून निघाली ती अडीच तासांनी पोचली. तिथंही गाड्या अडकलेल्या. तिनं आईला बघितलं आणि मग माझा हात बघितला, तिला सांगावं लागलं नाही. बाकीच्यांना सांगून काही उपयोग नव्हता. मनगटाकडचं निघालं होतं, कोपराकडचं तसंच लोंबत होतं, आणि मला काढावंसं वाटत नव्हतं. वंदना चालू असताना मेव्हणा माझ्या हाताकडं बघत होता. मग जवळ आला.

"दाजी, घरात काय झालं?"

"हार्ट ॲटॅक."

"मग हात कसा भाजला?"

"भाजला नाही."

त्याची नजर हटली नाही. मागं बायका कुजबुजत होत्या, गॅस, गॅस. भट्टीवरचा एक जुना जोडीदार खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राव, तिला वाचवायला गेलात ना?" मी हो म्हणालो. एकदाचा हो म्हणून टाकला. त्यावर कुजबुज थांबली, मेव्हणाही मागं सरकला. मला वाटलं होतं सुटेन. नाही सुटलो. आता त्यांच्या दृष्टीनं मी आगीत हात घातलेला नवरा होतो, आणि मी तर रिक्षातून हात बाहेर काढून बसलेला होतो. तो हात बघून सगळे माझ्याकडं धावले आणि तेवढ्यात ती तिकडं पडून राहिली. किती वेळ? दहा मिनिटं? वीस? एवढंच डोक्यात चालू होतं. चितेला अग्नी देतानाही तेच.

सकाळी लेक म्हणाली, "बाबा, कुठं निघालात?"

"येतो."

"हात तरी धुवा."

बस पकडली. सीटवर शेजारी बसलेली बाई हात बघून उठून गेली. हॉस्पिटलात कालचीच सिस्टर टेबलाशी लिहीत बसली होती.

"सिस्टर, मी कालचा."

"ओळखलं. बसा काका."

"बसत नाही. एकच विचारायचंय. माझ्यापायी तिला उशीर झाला का? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

तिनं पेन खाली ठेवलं. "नाही झाला. तुम्हाला मी घेतलं, त्यांना मोठ्या डॉक्टरांनी घेतलं. एकाच वेळी. तुमच्या शेजारच्याच कॉटवर होत्या त्या."

"शेजारच्या?"

"मधे पडदा होता."

"मग मला काहीच ऐकू कसं आलं नाही?"

"तुम्ही ओरडत होतात, काका."

मी विचारलं, ती काही बोलली का. सिस्टर म्हणाली, शुद्ध नव्हती, अर्धा तास प्रयत्न केले. उशीर झाला नव्हता हे ऐकून मला हलकं वाटायला पाहिजे होतं. रात्रभर तेवढंच तर पाहिजे होतं मला. पण आता दुसरंच समोर आलं. तो अर्धा तास ती हातभर अंतरावर होती, आणि मी तिच्या हातची जखम घेऊन पडद्याच्या अलीकडं आडवा पडलो होतो, आणि तिचा श्वास ऐकायच्या ऐवजी स्वतःच ओरडत होतो.

सिस्टरचं लक्ष माझ्या कोपराकडं होतं. ती म्हणाली, "मी सात वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात काढलीत. मला कळलं नाही. कुणी केलं होतं हे?"

"तिनंच. पडद्यापलीकडं होती, तिनं."

तिनं चष्मा काढला. मग म्हणाली, "द्या हात. तेल आणते, राहिलेलं काढून देते."

"नको," मी म्हणालो. "घरी काढतो."

घरी आलो. मशीनच्या फळीवर टॉवेल तसाच होता. वाटीतलं लॅटेक्स वाळून तळाला कातडी झाली होती. मी खोबरेल घेतलं, कापसाचा बोळा केला आणि स्टुलावर बसलो. काढायचं काम कायम तिचं. तिची पद्धत मला पाठ आहे, कारण दर वेळी ती तोंडानं सांगत सांगत काढायची. कडेपासून सुरू करायचं. तेल आत मुरू द्यायचं. केस जातात त्या बाजूनं न्यायचं. ओढायचं नाही.

अर्धं झालं तेव्हा फोन वाजला. महाळुंग्याच्या कंपनीचे साहेब.

"काका, गेटवर सगळे तुमची वाट बघतायत. किती वेळात पोचता? वहिनी कुठपर्यंत आल्या?"

मी सांगितलं. मागं भोंग्याची चाचणी चालू होती ती ऐकू येत होती.

"रद्द करतो," ते म्हणाले.

"रद्द करू नका. कुणाला तरी झोपवा. पण लाल रंग ओतू नका, साहेब. भाजलेलं तसं नसतं."

फोन ठेवला. लेक दारात उभी होती, तिनं पंखा लावला. मी म्हणालो, बंद कर. तिनं केला. कोपरापाशी दोन फोड राहिले होते, टपोरे, काल तिनं सोडले तसेच. आधी बाकीचं सगळं काढलं. मग त्यांच्याभोवती तेल लावलं आणि ते मुरेपर्यंत हात न हलवता बसून राहिलो.